तिरक्या पट्टीचं भांडण

९ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. मी तुझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. हे सांगावं लागतंय यातच काय ते आलं. लहानपणी घसा ताणून ओरडायची म्हणून तू जिला टिटवी म्हणायचीस, ती मी. आता रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. मी लोकांना सुया टोचते आणि ओरडतात ते.

फोन केला तर तू "पत्र लिही" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. बाबा ऑक्टोबरात गेले, ते तुला कळवलं होतं. डिसेंबरात आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. एव्हाना ती चालायला हवी होती. ती चालत नाही, खातही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटते. चिडली असती तरी चाललं असतं गं, ही नुसती मिटून घेते. तिचं रक्त मी स्वतः तपासलं, त्यात काही नाही. डॉक्टरांनी मला बाहेर नेलं आणि म्हणाले, "शरीर ठीक आहे, पण त्यांना जगायचं नाहीये. असंच चाललं तर वसंतापर्यंत नाही राहणार. तुम्ही त्यांना काहीतरी कारण द्या."

कारण द्या म्हणे! कुठल्या दुकानात मिळतं ते?

मग मनात आलं, हीच बाई त्या छावणीतून जिवंत बाहेर आली. आपल्या गल्लीतलं कुणी उरलं नाही, आजी-आजोबा गेले, आणि तुम्ही दोघी उरल्या. तेव्हा तिला कशाने जगवलं? ती कधी बोलली नाही. आता तूच एक आहेस जिला माहीत असेल. जे काही असेल ते सांग, मी ते तिच्या उशाशी आणून ठेवीन.

तुम्ही एकमेकींशी धड बोलत नाही हे मला माहीत आहे. तू एकदाच आमच्याकडे आली होतीस. जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या तुम्ही दोघींनी उलट्या केल्या आणि वेतावरून भांडलात. आजोबा खुर्ची विणताना शेवटच्या तिरक्या पट्ट्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करायचे की उजव्या, यावरून! मी तेव्हा तान्ही, बाबा मला उचलून बाहेर घेऊन गेले म्हणे.

तुला पत्र लिहिते म्हटल्यावर आई एकच वाक्य बोलली, तेही भिंतीशी. "तिला विचार, उजवीकडून विणलेल्या तिच्या खुर्च्यांतून आजवर किती जण खाली पडले." एवढा कडवटपणा कशाला गं, या वयात?

तुझी टिटवी


२० फेब्रुवारी

टिटवे,

पत्र मिळालं. तुझ्या बापाचं वाईट वाटलं. भला माणूस होता. खुर्चीवर बसायचा आणि ती कुणी कशी विणली हे कधी विचारायचा नाही.

तुझा प्रश्न मला नवा नाही. मध्यंतरी विद्यापीठातली माणसं टेपरेकॉर्डर घेऊन यायची. "तुम्हाला कशाने जगवलं?" असं विचारून चेहरा एवढासा करून बसायची. त्यांना वाटायचं, मी आता देवाचं नाव घेणार, नाहीतर प्रेमाचं. मी चहा पाजून त्यांना वाटेला लावायची.

तू घरची, म्हणून पाहिलं तेवढं लिहिते. छावणीत आमच्या झोपायच्या फळीवर एक शिंपीण होती. तिला नेलं त्याच दिवशी शेजारणीने तिचं शिलाई मशीन उचललं होतं. ते परत घ्यायचं म्हणून ती जगली. परत गेली, मशीन घेतलं, वर सुयांचा डबाही मागून घेतला. एक दाई होती. ती म्हणायची, हे लोक हरल्यावर कसे दिसतात ते मला बघायचंय. बघितलं तिने. काही विशेष दिसत नाहीत म्हणाली. एकीकडे कसलंच कारण नव्हतं. तिला भूक लागायची, मिळेल ते ती खायची, संपलं.

आणि एक शाळामास्तरीण होती. तिची मुलं बाहेर कुणीतरी लपवून ठेवलेली, जिवंत. तिच्याइतकं जगायचं आमच्यात कुणालाच नव्हतं. ती पहिल्याच थंडीत टायफसने गेली. तेव्हा इच्छाशक्ती वगैरे डोक्यातून काढून टाक. आम्हाला मारायला माणसं नेमली होती, पगारी, आणि ती आपलं काम मन लावून करत होती. त्यातून जे सुटले ते सुटले. जगायची इच्छा असून मेले त्यांना विचारायला कोणी जात नाही, म्हणून तुम्हाला वाटतं की इच्छेने माणूस जगतो.

हां, उलटं मात्र पाहिलं आहे. ज्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ती फार टिकली नाहीत. म्हणून तुझ्या आईचं ते भिंतीकडे तोंड मला आवडलं नाही.

खालचं तिला शब्दाला शब्द वाचून दाखव. तुझ्या पदरचं काही घालू नकोस, गोड तर मुळीच करू नकोस.

"माझ्या खुर्चीवरून आजवर कोणी पडलं नाही. मागच्याच आठवड्यात एक कसाई बसून गेला, चांगला दांडगा. डाव्या कोपऱ्यातून विणलेली खुर्ची असती तर त्याच्याखाली बिचारी रडली असती. बाबा उजवीकडूनच सुरू करायचे. तुला ते कसं दिसणार? तेव्हा तू खिडकीतून समोरच्या घड्याळजीच्या मुलाकडे बघत असायचीस."

मावशी


४ मार्च

मावशी,

वाचावं की नको असं झालं होतं. शेवटी डोळे मिटून, म्हणजे उघडेच ठेवून, वाचलं. घड्याळजीच्या मुलापर्यंत आले आणि आईने कूस बदलली. स्वतःहून! किती दिवसांत मी तिचा चेहरा असा समोरून पाहिला नव्हता.

"काय म्हणाली ती? परत वाच."

परत वाचलं. तिच्या गालांवर लाल डाग उठले. म्हणाली, "कागद घे. लिही." मी पेन शोधतेय तोवर तिला धाप लागली. मग म्हणते, "थांब. आधी काहीतरी खायला आण. हिला उत्तर द्यायचं तर अंगात जोर हवा." मावशी, तिने वाटीभर सूप घेतलं. पावाचा तुकडा वाटीत फिरवून वाटी पुसली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले, मग डोळे पुसून लिहायला आले. तिचा मजकूर असा:

"घड्याळजीचा मुलगा तिरळा होता, त्याच्याकडे तूच बघायचीस, तो कुणाकडे बघायचा ते देवाला ठाऊक. बाबा उजव्या हाताचे. पट्टी भोकात दाबून धरायची खुंटी उजव्या हातात, पट्टी डाव्या हाताने ओढायची. मग माणूस उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करेल का? अक्कल गहाण टाकली असेल तरच करेल. तुझ्या खुर्च्या टिकल्या त्या लाकडाच्या पुण्याईने. आणि कसाई तुझ्याकडे बसायला का आला होता? त्याला दुसरं कुठे कोणी उभं करत नाही वाटतं?"

मजकूर संपल्यावर ती दमून झोपली, पण तोंड खोलीकडे होतं.

मला आनंद झाला आणि लाजही वाटली. आपल्या घरातल्या उरल्यासुरल्या तुम्ही दोघी, आणि एकमेकींच्या उरावर बसता. तुमच्यात तिथे काहीतरी भयंकर घडलं असणार आणि ते तुम्ही या पट्ट्यांवर काढत असणार, असं मला नेहमी वाटत आलंय. म्हणून मी एक ठरवलंय. हे भांडण मी मिटवणार. तुमच्या जुन्या गावात एक वाचनालय आहे, तिथल्या बाईंना मी पत्र टाकलं आहे: आजोबांच्या कारखान्यातली एखादी खुर्ची कुठे उरली आहे का? जी तिरकी पट्टी आधी पडते ती खाली राहते आणि नंतरची वर, एवढं तर मलाही कळतं. एक खुर्ची सापडली की सोक्षमोक्ष.

तुझी टिटवी


१४ मार्च

टिटवे,

नसत्या उचापती करू नकोस. त्या गावाकडून मला काहीही नको, खुर्चीही नको. तुझ्या वाचनालयाच्या बाईंना लिही की चूक झाली, तसदीबद्दल माफ करा.

आमच्यात तिथे भयंकर असं काही घडलं नाही. भयंकर होतं ते आमच्या बाहेर होतं, आणि ते पुरेसं होतं.

तिला वाच:

"बाबा उजव्या हाताचे होते हे तू मला सांगतेस? मी त्यांच्या उजव्या हाताला बसायची. तू डाव्या बाजूला, बादलीतला वेत उचलून द्यायला. भिजलेला वेत देता देता तुझ्या डोक्यातही पाणी शिरलं. अजून निथळलं नाही."

ती काय खाते ते मला कळवत जा, उगाच विचारते आहे.

मावशी


५ एप्रिल

मावशी,

ऐक. आई वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. काल मी कांदा जाड चिरला म्हणून माझ्या हातातून सुरी काढून घेतली. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, शिव्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते. पत्र आलं का, पत्र आलं का, म्हणून मला रोज भंडावते. तुझी पत्रं उशीखाली ठेवते.

आता दुसरी बातमी. रागावू नकोस. वाचनालयाच्या बाईंचं उत्तर आलं. खुर्ची सापडली! कुठे, तर तिथल्या पोस्टात. पोस्टमास्तरची खुर्ची. तुम्हाला हाकललं त्याच्या आधीपासून ती तिथे आहे आणि आजही तिच्यावर पोस्टमास्तर बसतो. खालच्या चौकटीवर आजोबांचा डागलेला शिक्का आहे. बाईंनी वरून, खालून, जवळून असे फोटो काढले. आताच्या पोस्टमास्तरने विचारलं म्हणे, "ही माणसं आता कुठे असतात?" त्याला काही माहीत नव्हतं. या पत्रात तुझ्यासाठी एक प्रत ठेवली आहे. भिंगाने बघ.

मावशी, डाव्या कोपऱ्यातली पट्टी खाली आहे. ती आधी पडली. आईचं बरोबर आहे.

मला माहीत आहे, तुला जड जाईल. पण तू मोठी आहेस. एक ओळ लिही तिला, "तुझं बरोबर होतं", एवढीच. तिने आयुष्यभर याची वाट पाहिली आहे. ती केवढी खूश होईल! १७ तारखेच्या रविवारी तिचा वाढदिवस, तेव्हा तिला फोटो दाखवायचं ठरवलंय. त्याच्या आत तुझी ओळ आली तर सोन्याहून पिवळं.

एक विचारू? तुझं अक्षर असं उतरणीला का लागलंय? मागच्या पत्रात शेवटच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. बरी आहेस ना?

तुझी टिटवी


११ एप्रिल

टिटवे,

हे पत्र हातात पडताच फोटो फाड. जाळ. काय वाटेल ते कर, पण तिला दाखवू नकोस. शेजारचा न्हावी हे पत्र घेऊन आत्ताच्या आत्ता पोस्टात जाणार आहे. फोन केला असता, पण मला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

फोटो बघितला. खुर्ची बाबांचीच. बाजूची पट्टी पाचर मारून ते अशीच बसवायचे. आणि डाव्या कोपऱ्यातूनच सुरुवात आहे. ते मला फोटोशिवायही माहीत होतं. मी कारखान्यात वाढले आहे, मला माहीत नसेल होय?

आता नीट वाच. छावणीत आम्हाला दोर उसवायचं काम होतं. जहाजांचे जुने दोर, डांबराने कडक झालेले. ते बोटांनी पिंजून सुटे धागे काढायचे. आमची आई वाटेतच गेली होती. बाबांना वेगळ्या रांगेत घातलं होतं, ते गेल्याचं थंडीच्या सुरुवातीला कळलं. त्या दिवसापासून तुझ्या आईने भिंतीकडे तोंड केलं. वाट्याचा पाव शेजारणीला देऊन टाकायची. मी हात जोडले. आईची शपथ घातली. माझ्यासाठी जग म्हटलं. कशालाही तिने भीक घातली नाही. तू या थंडीत जे जे करून बसलीस ते सगळं मी तेव्हा करून बसले होते.

एक दिवस दोर उसवता उसवता मी आपली स्वतःशीच बडबडत होते. बाबा खुर्ची कशी विणायचे, क्रमाक्रमाने. उभ्या पट्ट्या, आडव्या, परत उभ्या. तिरक्यांपाशी आले आणि म्हणाले, "मग उजव्या कोपऱ्यातून." जीभ घसरली. भुकेने डोकं चालत नव्हतं. भिंतीकडून आवाज आला, "डाव्या."

कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला होता. माझी चूक माझ्या तेव्हाच ध्यानात आली. पण मी तिच्याकडे बघितलं, तर ती कोपरावर उठून बसलेली, डोळ्यांत राग. राग म्हणजे केवढी मोठी गोष्ट तुला सांगू! तिथे लोकांना राग येणं बंद व्हायचं, मग ते मरायचे. मी म्हटलं, "उजव्या. तुला काय कळतं?" तिने त्या दिवशी स्वतःचा पाव स्वतः खाल्ला. भांडायला. त्यानंतर मी ती चूक सोडली नाही.

रोज उकरून काढायची. रांगेत, कामावर, फळीवर. शेजारणींचे कान किटले. शिंपीण माझ्या बाजूने, दाई तिच्या बाजूने, दोघींनी जन्मात खुर्ची विणलेली नव्हती. "बाहेर पडल्यावर बाबांची खुर्ची शोधून तुझ्या नाकासमोर धरते," असं ती म्हणायची. मी म्हणायची, "बघू." त्या बघण्यासाठी ती जगली. आता तू तीच खुर्ची तिच्या नाकासमोर धरायला निघाली आहेस. मग तिने पुढे काय करायचं?

दुसऱ्या थंडीत मला ताप आला. मला वाटलं, संपलं. मेल्यावर तरी तिच्या मनात सल नको, म्हणून मी तिला म्हटलं, "असू दे, तुझंच बरोबर. डावीकडून." तर तिने माझ्या थोबाडीत मारली. तापलेल्या बाईच्या! "खोटं बोलू नकोस, तू उजवीच म्हण," असं ओरडली आणि मी "उजवी" म्हणेपर्यंत हलवत राहिली. इतकी हट्टी. मी हार मानली तरी तिला पुरली नाही, तिला मला भांडूनच हरवायचं होतं. मेले असते तर तिची पंचाईत झाली असती.

सुटल्यावर मिटवता आलं असतं. पण तू झालीस तेव्हा ती परत तशीच मिटली होती, तुझ्या बापाने मला कळवलं. मी येऊन खुर्च्या उलट्या केल्या. त्यानंतर जेव्हा जेव्हा तिचं पत्र मऊ आलं, तेव्हा तेव्हा मी काडी टाकली. मी डावीकडून विणते असं तिच्या कानावर जाऊ नये म्हणून जन्मभर मी सगळ्या खुर्च्या उजवीकडूनच विणल्या. हात दरवेळी डावीकडे जायचा, मी तो मागे ओढायची. गिऱ्हाइकांना काय, त्यांना बसायला मिळाल्याशी कारण.

आता अक्षराचं. डोळे गेले म्हण. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दुकान बंद होऊन वर्ष झालं. तो कसाई मी बनवला. खुर्चीही विणता येत नाही, पत्र लिहिणं एवढंच काम उरलंय, तेही तुझ्या आईला चिडवण्याचं. एरवी सकाळी उठावं कशाला, असं होतं. यातलं तिला काही सांगायचं नाही. फोटो फाड.

मावशी


१८ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र आज, सोमवारी आलं. फोटो मी काल, रविवारी दाखवला.

पत्र मी दोनदा वाचलं. पण जे घडलं ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

जेवणं झाली होती. मी मोठ्या थाटात पाकीट दिलं. म्हटलं, आजोबांची खुर्ची सापडली. आईने भिंग लावलं. मग अंगठा फोटोतल्या बाजूच्या पट्टीवरून फिरवला, आपण कापड चाचपतो ना, तसा. तिचे ओठ हलले. "बाबा" म्हणाली. मी अगदी शेजारी होते, मी ऐकलं.

मग तिने विचारलं, "हा तिला पाठवलास?"

मी म्हटलं, हो.

"काय म्हणाली?"

"अजून उत्तर नाही आलं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं पडते की काय. वॉकरही न घेता भिंतीला धरत ती आतल्या खोलीत गेली, उशीखालची तुझी पत्रं घेऊन आली. वाचली नाहीत. एकेक पत्र उजेडात धरून नुसत्या ओळी बघत होती, त्या कशा खाली खाली उतरत गेल्यात ते. मला म्हणाली, "ही एकटीच राहते ना?" मी म्हटलं, शेजारी न्हावी आहे.

नंतर तिने फोटो उचलला आणि टेबलावर पालथा टाकला. "ही बाबांची खुर्ची नाही."

"अगं, शिक्का आहे!"

"शिक्का काय, कुणीही मारेल."

"आई, अगं यात तुझंच बरोबर ठरतंय! तू जिंकलीस!"

तिने माझ्याकडे असं बघितलं की शाळेत नापास झाले होते तेव्हाही बघितलं नव्हतं. म्हणाली, "कुणाला जिंकायचं होतं?" आणि मला पेन आणायला लावलं. स्वतः लिहीन म्हणाली. मला खोलीबाहेर घालवलं आणि आतून कडी लावली.

ती खोटं बोलली, मावशी. खुर्ची तिने पहिल्या नजरेत ओळखली. तू जे लिहिलंयस त्यातलं मी तिला अक्षरही सांगितलेलं नाही, तुझं पत्र लॅबच्या कपाटात कुलपात आहे. तरी तिला माहीत आहे. कधीपासून, ते मला विचारायचं धाडस नाही. तू तिला जगवत आलीस असं तुझं म्हणणं. ती थोबाडीत तू परत एकदा आठवून बघ.

तिचं पाकीट सोबत जोडते. चिकटवलेलं आहे, मी उघडलेलं नाही.

तुझी टिटवी


१७ एप्रिल

ताईसाहेब,

स्वतःच्या हाताने लिहिते आहे. कार्टीला बाहेर काढलंय. दाराला कान लावून बसली असेल, बसू दे. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, का ते तुला ठाऊक.

कार्टीने तुला पाठवलेला फोटो मीही बघितला. ती खुर्ची बाबांची नाही. कुणीतरी नक्कल केली आणि शिक्का मारला. आपली माणसं गेल्यावर आपल्या मालाला तिथे भाव आला असेल. तेव्हा या फोटोवरून काहीही सिद्ध होत नाही. तू हरलीस असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

दुकान बंद केलंस ते मला कसं कळलं, असं विचारशील. कसायावरून कळलं. दुकान चालू असताना तू एका गिऱ्हाइकाची गोष्ट कधी सांगितली नाहीस. तुला ती माणसंच वाटायची नाहीत. बंद केल्यावर त्यांची आठवण यायला लागली असेल. मला सांगायचं होतंस. पण सांगशील कशी, तू थोरली ना! सगळ्यांना सावरायचा मक्ता तुझ्याकडे.

मी आता दोन्ही वेळा जेवते. मुलगी म्हणेल तिच्या हातचं सूप चांगलं असतं. नसतं. तरी खाते. तू काय खातेस ते न्हाव्याकडून लिहवून घे आणि मला पाठव.

ऐक. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला इथून दिसतंय. आता डोळे गेले, काम गेलं, फोटोही आला, तर एकदाचं "तुझं बरोबर" लिहून मोकळी व्हावं, असं तुला वाटत असेल. मागे एकदा तू तसं म्हणाली होतीस आणि मी काय केलं होतं, ते तुझ्या गालाला विचार. तेव्हा मी पोरगी होते, आता माझा हात तेव्हापेक्षा जड आहे.

मी येते आहे. पायाला अजून काठी लागते, पण येते. टिटवी मला घेऊन येणार आहे, तिला अजून माहीत नाही. दोन मोकळ्या चौकटी काढून ठेव. न्हाव्याला सांग, बादलीत वेत भिजत घाल म्हणावं. तू उजवीकडून विण, मी डावीकडून विणते. दिसत नसेल तर चाचपून विण. नाहीच जमलं तर मी तुझा हात धरीन आणि भांडत भांडत विणू.

तोवर गप जेव, आणि मी येईपर्यंत काहीही मान्य करू नकोस.

धाकटी